होडीचा तुकडा

॥ श्री ॥
घडियाळी पोळ, बडोदे
सोमवार, ता. १६ जानेवारी १९२८

चि. वामन यास अहल्याताईचे अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. हेच अक्षर गिरवून तू शाळेत पहिला नंबर काढला होतास.

काल तुझा सिनेमा पाहिला. तुमच्या कंपनीचा तो पुराचा सिनेमा इथे लागून आठ दिवस झाले. आपलं गाव आणि आपली विश्वामित्री नदी पडद्यावर दिसते म्हणून अख्खी आळी, सगळी पोळ जाऊन आली. मीच जात नव्हते. ज्या पाण्याने घरातला माणूस नेला ते पाणी खुर्चीत बसून बघायचं, हे मला काही पटेना. शेवटी शेजारच्या निरुपमाबाईंनी हाताला धरून ओढलं. म्हणाल्या, “चाल ने बेन, मावसभावाचं काम तरी बघ. किती दिवस अशी भिंतीकडे तोंड करून बसशील?”

तुझ्या सिनेमातली ती जमीनदाराची लेक मला मुळीच आवडली नाही. घरात कमरेएवढं पाणी शिरलं तरी बाईची वेणी सुटत नाही. पण मधूनमधून तू घेतलेला खरा पूर येत होता. वाहून जाणारी छपरं, म्हशी, पुलाचे बुडालेले कठडे. आणि मग ते लिंबाचं झाड आलं.

वामन, झाडावरचा तो माणूस नट नाही. ते हे आहेत.

अंगात काळा कोट, डोकं उघडं, एका हाताने फांदी धरलेली. मग त्यांनी चष्मा काढला, दांड्या मिटल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. खाली मृत्यू घोंघावत असताना जगात दुसरं कोण चष्मा नीट मिटून ठेवील? तुला ती सवय ठाऊक आहे. आंघोळीआधी, झोपताना, इतकंच काय, माझ्याशी भांडायला सुरुवात करण्याआधीसुद्धा. आणि पुढच्याच क्षणी होडी आली! पांढऱ्या काठाची होडी. दोघांनी यांना उचलून आत घेतलं. मी उभी राहून ओरडले. मागचे लोक “बेसी जाव, बेसी जाव” म्हणत होते, मला काही ऐकू येत नव्हतं.

आज मामंजींना नेलं. बापाला मुलगा ओळखायला कितीसा वेळ लागतो? ते शेवटपर्यंत माझं मनगट घट्ट धरून बसले.

आषाढात कचेरीतली दप्तरं वरच्या मजल्यावर हलवायची म्हणून हे घरातून गेले, त्याला सहा महिने होत आले. प्रेत मिळालं नाही, म्हणून येत्या अमावास्येला पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं ठरलं होतं. शास्त्राने बारा वर्षं थांबायचं असतं, पण पुरात गेलेल्यासाठी गुरुजींनी तोड काढली होती. तीनशे साठ पानं पादरा गावाहून आणून पडवीत ठेवली होती. मामंजींनी घरी येताच ती उचलून शेजारच्या लग्नघरी पत्रावळी लावायला देऊन टाकली.

आता एवढंच सांग. ती होडी कोणाची? यांना कुठे उतरवलं? तू लांबून कॅमेऱ्याचं हँडल फिरवत होतास, तेव्हा ओळखलं नसशील; त्यात तुझा दोष नाही. पण होडीवाल्याचं नाव तर कंपनीच्या दप्तरी असेल? उलट टपाली कळव. सहा महिन्यांत आज पहिल्यांदा मला भूक लागली.

तुझी
ताई

॥ श्री ॥
दादर, मुंबई
ता. २१ जानेवारी १९२८

ती. अहल्याताईस वामनचा सा. नमस्कार.

पत्र मिळालं. ताई, तू स्वतःला सांभाळ. मला हे लिहायला फार वाईट वाटतं, पण झाडावरचा माणूस आमच्या कंपनीतला नट आहे. त्याचं नाव वसंत, राहणारा कोल्हापूरचा. पोहण्यात पटाईत आहे, म्हणून त्याला हे काम दिलं. झाड, होडी, सगळं नोव्हेंबरात इथल्या एका तलावावर घेतलं.

आमच्या धंद्याची गंमत तुला सांगतो. नुसता पूर दाखवला तर लोक पाच मिनिटांत कंटाळतात आणि नुसती गोष्ट दाखवली तर म्हणतात, हे खोटं. म्हणून कंपनीच्या शेठनी दोन्हींचं कालवण केलं. खऱ्याच्या आधाराने खोटं चालतं. पाहणाऱ्याला सांधा दिसू नये, यातच आमचं कसब. चष्म्याचं म्हणशील, तर ती लकब मीच त्या नटाला शिकवली असेल. भाऊजींची आठवण मनात होती, तेव्हा नकळत तसं झालं असेल. तुझ्या जिवाला त्यामुळे घोर लागला, याची क्षमा कर.

मामंजींना हे नीट समजावून सांग. गुरुजींनी सांगितलेला विधी पुढच्या अमावास्येला करून घ्यावा, असं मला वाटतं. इथे थंडी बरी आहे. कंपनीत काम फार, त्यामुळे एवढ्यात येणं होणार नाही.

तुझा
वामन

॥ श्री ॥
घडियाळी पोळ, बडोदे
सोमवार, ता. ३० जानेवारी १९२८

चि. वामन यास आशीर्वाद.

तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा फार बोलायचास. बरणीतला लाडू खाल्लास की मुंग्या, मांजर, मोलकरीण सगळ्यांच्या गोष्टी सांगायचास. तुझं पत्र तसंच आहे.

तुझं पत्र आल्यावर मी आणखी तीनदा सिनेमा पाहिला. थिएटरचा मॅनेजर आता मला फुकट सोडतो. त्याने हस्तपत्रकं छापली आहेत: “ज्या चित्रात बडोद्याच्या एका भगिनीस हरवलेला पती सापडला, ते चित्र!” लोकांची रीघ लागली आहे. बायकांच्या खास खेळाला मला पुढच्या खुर्चीवर बसवतात आणि झाड आलं की पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघतात.

मी मात्र पडद्याकडेच बघते. झाडाच्या मागे पूल दिसतो आणि त्याचे कठडे पाण्याखाली आहेत. ते आषाढात दोनच दिवस बुडाले होते. मग नोव्हेंबरात दादरच्या तलावावर तू बडोद्याचा पूल कुठून आणलास? होडी आली तेव्हा मात्र पाणी अगदी संथ आहे, कडेला कमळाची पानंही दिसतात. निरुपमाबाई म्हणाल्या, देवाला दया आली, त्याने पाणी थांबवलं. मलाही तसंच वाटतं.

तुझं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मुलाला शेठने गप्प बसवलं असेल. होडीवाल्याला इनाम द्यावं लागेल म्हणून.” परवा पहाटे त्यांनी बैलगाडी केली आणि निघाले. नदीच्या खालच्या अंगाला गावोगाव जाऊन पांढऱ्या काठाच्या होडीची चौकशी करणार आहेत. वय एकाहत्तर, त्यात दमा. मी आडवी गेले तर म्हणाले, “सूनबाई, सहा महिने मी हात जोडून बसलो, हेच चुकलं.”

काल रथसप्तमी झाली. संक्रांतीपासून मला कोणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. बोलवावं की नाही हेच कोणाला कळत नव्हतं. शेवटच्या चार दिवसांत अकरा घरची बोलावणी आली. अकराही ठिकाणी ओटी भरली.

तेव्हा आता मला लांबलचक पत्र नको. सहा महिन्यांपासून तू पाकिटावर नुसतं “अहल्याबाई” लिहितोस. नावामागे ना सौ., ना गं. भा. माझ्या लक्षात आलेलं नाही असं समजू नकोस. पुढच्या पाकिटावर दोहोंपैकी एक लिही. आत कोरा कागद असला तरी चालेल.

ताई

॥ श्री ॥
दादर, मुंबई
शुक्रवार, ता. १७ फेब्रुवारी १९२८

ती. ताईस,

चार पत्रं लिहून फाडली, म्हणून उशीर झाला. पाकिटावर तू सांगितलंस तसं लिहिलं आहे. ते लिहिताना मी भर दुपारी दाराला आतून कडी लावून घेतली होती.

झाडावर भाऊजीच होते. ते खरं आहे. होडी खोटी आहे.

मी त्या आठवड्यात तुमच्याकडेच उतरलो होतो. मंगळवारी, आषाढ वद्य त्रयोदशीला, सकाळी कॅमेरा घेऊन नदीकाठच्या एका व्यापाऱ्याच्या गच्चीवर चढलो. दुपारी दोनच्या सुमाराला लिंबाच्या झाडावर एक माणूस दिसला. अंतर दीडशे हात असेल. मी भिंग त्याच्यावर लावलं आणि हँडल फिरवायला लागलो. कोण आहे ते मला माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा मिटून खिशात ठेवला तेव्हा कळलं.

आमचं हँडल सेकंदाला दोन फेरे या वेगाने फिरवायचं असतं. वेग बदलला की पडद्यावर माणसं उड्या मारतात. म्हणून आम्ही मनातल्या मनात एक-दोन, एक-दोन मोजत असतो. मला कळल्यावरही मी मोजतच राहिलो. ताई, माझ्याजवळ दोर नव्हता, होडी नव्हती, मला पोहता येत नाही. हे मी स्वतःला रोज सांगतो आणि ते खरंही आहे. पण हाक मारता आली असती. “भाऊजी” म्हणून एक हाक. ती मी मारली नाही, कारण मोजण्यात चुकलो असतो. त्यांनी एकदा गच्चीकडे पाहिलं. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. चष्मा नव्हता.

मग झाड मुळासकट आडवं झालं. तेही मी घेतलं.

त्या संध्याकाळी घरी आलो तर तू पिठलं-भात वाढलास आणि विचारलंस, “हे कुठे दिसले का रे?” मी नाही म्हणालो आणि जेवलो. वाटलं, कुठेतरी काठाला लागले असतील, उगाच अभद्र कशाला बोला. दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी जड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून.

शेठना तो तुकडा फार आवडला. पण झाड पडतं ते नको म्हणाले. लोक रडत घरी गेले तर दुसऱ्यांदा येत नाहीत, म्हणून इथे एक होडी आणू. मी विरोध करायला हवा होता. उलट मीच पुढे झालो. भाऊजींसारखा काळा कोट मीच शिंप्याकडे बसून शिवून घेतला. वसंतला पाठमोरा कसा वाकायचा ते मीच दाखवलं. पडतं झाड कापून त्या जागी होडी जोडली तेव्हा तो तुकडा मी एकट्याने चालवून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला, आणि आनंदाने रडलो. निदान तिथे तरी मी त्यांना वाचवलं होतं. बडोद्यात हा सिनेमा येईल, तू पाहशील, हे मनात आलं नव्हतं असं नाही. मी तो विचार बाजूला सारला.

मामंजींना परत बोलाव. कोणत्याही गावात ती होडी नाही.

वामन

॥ श्री ॥
घडियाळी पोळ, बडोदे
रविवार, ता. ४ मार्च १९२८

वामन,

तुझं पाकीट टपालवाल्याने ओट्यावर टाकलं. नाव वाचलं आणि पालथं घातलं. आतलं पत्र दोन दिवस उघडलं नाही, कारण उघडायची गरज राहिली नव्हती. पत्राची घडी तशीच बाजूला ठेवून नुसतं पाकीट चुलीत घातलं, विहिरीवर गेले आणि कपाळ धुतलं.

तिसऱ्या दिवशी मामंजी परत आले. तापाने फणफणलेले, पण चेहरा असा की मी गेल्या सहा महिन्यांत पाहिला नव्हता. गाडीतून उतरायच्या आधीच ओरडले, “सूनबाई, होडीवाला सापडला!” खालच्या अंगाच्या कुठल्याशा गावी एका कोळ्याने सांगितलं म्हणे, “हा काका, में ज उतार्या’ता. काळा कोटवाळा साहेब. भान नहोतुं.” मामंजींनी आधी सगळं वर्णन करायचं आणि मग विचारायचं, दुसरं काय होणार? त्या बिचाऱ्याला म्हाताऱ्याचं मन मोडवेना, नाहीतर त्यानेही तुझा सिनेमा पाहिला असेल. त्याने सांगितलं, त्यानेच बेशुद्ध साहेबांना काठावर उतरवलं, मग साहेब शुद्धीवर आले आणि खंभातच्या वाटेने चालते झाले.

मग त्यांची नजर माझ्या कपाळाकडे गेली. तसेच देवघरात गेले, कुंकवाचा करंडा आणला आणि माझ्यासमोर धरून उभे राहिले. करंडा कलता झाला होता, कुंकू सांडत होतं. मी लावलं.

ताप उतरल्यावर धीर करून तुझं पत्र वाचून दाखवलं. शब्दन् शब्द वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “वामनच्या मनाला लागलंय ग. आपल्याकडून काही झालं नाही, दुसऱ्याच कोणी वाचवलं, हे त्याला सोसत नाही. म्हणून तो होडीच नाही म्हणतो.” मी म्हटलं, मामंजी, त्याने स्वतः पाहिलं. त्यावर म्हणाले, “मीही पाहिलं. तूही पाहिलंस. सगळ्या गावाने पाहिलं. एकट्या वामनचं खरं आणि आमच्या सगळ्यांचे डोळे खोटे?” यावर तुला काही सुचतं का?

ते आहेत तोवर यांचं दहन नाही, दिवस नाहीत, श्राद्ध नाही. मूल असतं तर त्याने केलं असतं. गुरुजी म्हणतात, बाप हयात असून नाही म्हणतो, तिथे मी काय करू?

म्हणून एकच मागते. झाड पडतं तो तुकडा तू कापून ठेवला असशील. तो घेऊन ये. थिएटरचा मॅनेजर माझ्या शब्दावर पडद्यावर दाखवील. मामंजींना समोर बसवीन, शेजारी मी बसेन. त्यांचा चित्रावरच विश्वास आहे, तर चित्रच दाखवू. मला ते पाहायचं नाही, तरी पाहीन.

अहल्या

॥ श्री ॥
दादर, मुंबई
ता. ११ मार्च १९२८

ती. ताईस,

तो तुकडा नाही.

कंपनीत कापलेले तुकडे डब्यात साठवतात. डबे भरले की रद्दीवाला नेतो. फिल्म धुऊन तिच्यावरची चांदी काढून घेतात आणि उरलेल्या पट्ट्या बांगड्या करणाऱ्यांना विकतात. दिवाळीनंतर आमचे सगळे डबे गेले. मी तो एक वेगळा ठेवायला हवा होता. त्या वेळी वाटलं, बरं झालं, गेला.

मी स्वतः येऊन मामंजींच्या पायांवर डोकं ठेवू का? तू म्हणशील त्या गाडीने निघतो.

वामन

॥ श्री ॥
घडियाळी पोळ, बडोदे
सोमवार, ता. १९ मार्च १९२८

चि. वामन यास आशीर्वाद.

येऊ नकोस. मामंजी तुला उठून मिठी मारतील आणि समजूत घालतील. ते मला बघवणार नाही, तुला तर नाहीच.

ते आता अंथरुणावरून उठत नाहीत. दम्याने बोलणं तुटक झालं आहे. खंभातला दोन माणसं पाठवली होती, ती हात हलवत परत आली. मामंजी म्हणाले, “पुढे गेला असेल. पायाला भिंगरीच आहे त्याच्या.” यांच्या पायाला भिंगरी! कचेरी आणि घर यांखेरीज तिसरी वाट ज्यांना ठाऊक नव्हती, त्यांच्या.

सिनेमा गेल्या आठवड्यात गावातून गेला. तेव्हापासून संध्याकाळी दिवे लागले की मामंजी म्हणतात, “सूनबाई, होडीचं सांग.” पहिल्या दिवशी मी गप्प बसले, तर त्यांना इतका दम लागला की वैद्यांना बोलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. झाड, चष्मा, मग पांढऱ्या काठाची होडी. आता रोज सांगते. नुसतं तेवढं सांगून भागत नाही, तेव्हा थोडं पदरचं घालते. काल सांगितलं की होडीवाल्याने आपलं कोरडं धोतर काढून यांना नेसायला दिलं. मामंजी हसले आणि त्यांना झोप लागली. मला हे किती छान जमतं, याची माझी मलाच भीती वाटली. तू निदान तोंड मिटून हँडल फिरवलंस. तेव्हा मी तुझ्यावर कोणत्या तोंडाने रागावू? फार रागवायचं होतं रे, जन्मभर पुरेल एवढं.

एक विचारायचं होतं ते विचारते. झाड पडलं तेव्हा यांनी कोणाला हाक मारली का? गच्चीपर्यंत ऐकू आलं नसेल, पण तोंड हललेलं दिसलं असेल. दिसलं असलं तरी लिहू नकोस.

यांच्या जाण्याची तिथी कळवलीस ते बरं केलंस. तुझ्या सगळ्या पत्रांत उपयोगाची तेवढी एकच गोष्ट होती. मामंजींसमोर मला श्राद्धाचं नाव काढता येत नाही, पण वद्य त्रयोदशीला प्रदोष असतो. त्या दिवशी बाई दिवसभर उपाशी राहिली तर कोणी कारण विचारत नाही. आज पहिला केला. दर महिन्याला करीन. दिवेलागणीला महादेवाच्या देवळात गेले, तर ओळीत बसलेल्या बायकांनी सरकून मला पुढे जागा दिली. निरुपमाबाईंनी माझ्या हातात बेल ठेवला आणि म्हणाल्या, “मन लावीने करजो बेन, ते नक्की परत येतील.”

मी मन लावून केला.

अहल्या